आयती निवड

माझ्या आजोबांजवळ एक ट्रान्झिस्टर होता. तालुक्याच्या दुकानातून तो घरी आला तेव्हा दुकानदाराने त्याचा काटा एका केंद्रावर लावून दिलेला होता. त्या काट्याला आजोबांनी पुढे कधी हात लावला नाही. दुसरी केंद्रे आहेत हे त्यांना पक्के ठाऊक होते. शेजारच्या घरातून ती ऐकूही येत. पण एकदा काटा हलवला आणि आपले केंद्र परत सापडलेच नाही तर? या धास्तीने ते आवाज तेवढा कमीजास्त करीत. म्हणजे आजोबांनी पंधरावीस वर्षे काय ऐकले, हे खरे पाहता त्या दुकानदाराने ठरवले होते. आणि तेही बहुधा खोके बांधता बांधता, सहज.

श्रोतेहो, आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते असल्याच काट्यांविषयी. हे काटे रेडिओत नाहीत, ब्राउझरमध्ये आहेत. ब्राउझर म्हणजे काय हे शिक्षकमंडळींना सांगायला नको. इतरांसाठी एवढेच सांगतो की मोबाइलवर किंवा ग्रामपंचायतीतल्या संगणकावर आपण सातबारा पाहतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, पावसाचा अंदाज वाचतो, ते ज्या खिडकीतून पाहतो ती खिडकी म्हणजे ब्राउझर. या खिडकीला शेकडो लहानमोठे काटे असतात. शोध कोणाकडून घ्यायचा, पहिले पान कोणते उघडायचे, जाहिरातवाल्याला आत येऊ द्यायचे की नाही, खिडकी कशी वापरली जाते ही खबर ती बनवणाऱ्याला कळवायची की नाही, असे. यांतला प्रत्येक काटा ब्राउझर आपल्या हाती येण्यापूर्वी कुठेतरी लावावाच लागतो. कुठेच लावला नाही असे होऊ शकत नाही. ‘बंद’ ही सुद्धा एक जागाच झाली. या आधी लावून दिलेल्या जागेला संगणकाच्या धंद्यात ‘डिफॉल्ट’ म्हणतात. आपण तिला आयती निवड म्हणू.

आता यात भांडण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. ज्याला आवडत नसेल त्याने काटा फिरवावा! पण माणसे बहुतेक माझ्या आजोबांसारखी असतात. आयती निवड बदलणारे थोडे आणि जे आहे तेच चालवून घेणारे फार. त्यामुळे कारखान्यात काटा लावणारा माणूस लक्षावधी लोकांच्या वतीने एकदम निर्णय घेत असतो, आणि हे त्याला पुरते ठाऊक असते.

भांडण सर्वांत मोकळेपणी होते ते मुक्तस्रोत ब्राउझरांत. मुक्तस्रोत म्हणजे ज्याची कृती उघडी आहे असा. हॉटेलवाला मिसळ विकतो पण मसाला सांगत नाही. इथे मसाल्याचे प्रमाणही भिंतीवर लिहून ठेवलेले असते, कोणीही वाचावे, बदलावे, आपली मिसळ वेगळी करून वाढावी. नेटस्केप या अमेरिकन कंपनीने १९९८ साली आपल्या ब्राउझरची कृती अशी खुली केली. त्यातून मोझिला हा प्रकल्प उभा राहिला आणि २००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. दुसरा मोठा मुक्तस्रोत प्रकल्प क्रोमियम. गुगलने तो २००८ साली सुरू केला. गुगलचा क्रोम आणि आता मायक्रोसॉफ्टचा एजसुद्धा याच पायावर उभे आहेत. बंद कारखान्यात काटा कुणी, केव्हा, का फिरवला हे बाहेर कळत नाही. इथे ते कळते. म्हणून इथली भांडणे आपल्यासारख्या त्रयस्थालाही पाहता येतात.

आधी भांडणाचे मूळ पाहू. आपण बातमीचे एखादे पान उघडतो तेव्हा त्याच्या पोटात जाहिरातवाल्यांचे तुकडेही येतात. ते आपल्या ब्राउझरमध्ये एक बारीकशी चिठ्ठी ठेवून जातात. हिला ‘कुकी’ म्हणतात. चिठ्ठी स्वतः वाईट नाही. बँकेच्या पानावर तुम्ही एकदा ओळख पटवली की पुढच्या पानावर पुन्हा नाव-गाव विचारत नाहीत, ते चिठ्ठीमुळेच. भानगड आहे ती तिऱ्हाइताच्या चिठ्ठीची. एकच जाहिरातवाला बातमीच्या पानात असतो, बियाण्याच्या पानात असतो आणि औषधांच्या पानातही असतो. जिथे जाल तिथे तो आपली जुनी चिठ्ठी वाचतो. अशाने त्याला कळते की या माणसाने सकाळी कापसाचे बियाणे पाहिले आणि दुपारी मधुमेहाच्या गोळ्या पाहिल्या. तुम्ही हे त्याला सांगितले होते का? नाही. बियाणेवाल्याशी तुमचा व्यवहार होता, या तिसऱ्याशी नव्हता.

२०११ च्या मार्चमध्ये फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीत एक नवा काटा आला. तो लावला की ब्राउझर प्रत्येक पानाला कळवी, ‘माझ्या मागावर राहू नका.’ बस्स, एवढेच. ही विनंती होती. ‘येथे थुंकू नये’ या पाटीला जेवढा जोर असतो तेवढाच तिला जोर होता. ती मानायची की नाही हे जाहिरातवाल्यावर अवलंबून, म्हणून वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेत दोन्ही बाजू एकत्र बसून वाटाघाटी करू लागल्या. त्यात एक गोष्ट ठरत आली होती. ही विनंती माणसाने स्वतः केलेली असली पाहिजे. मोझिलानेही हेच धोरण ठेवले. काटा बंद जागी ठेवला आणि ज्याला हवे त्याने लावावा असे सांगितले.

एवढ्यात २०१२ च्या मध्याला मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की आपल्या नव्या ब्राउझरमध्ये, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररच्या दहाव्या आवृत्तीत, हा काटा पहिल्यापासूनच लावलेला राहील. वरवर पाहता केवढी लोकहिताची गोष्ट! पण जाहिरातवाले तत्काळ उठून उभे राहिले. ते म्हणाले, ही माणसाची इच्छा नव्हे, कारखान्याची इच्छा आहे. ती आम्ही मानणार नाही.

शिक्षकांना हे लवकर कळेल. सहलीला मुलाला पाठवायचे तर पालकाची संमती लागते. शाळेने संमतीचे कागद छापतानाच ‘होय’ या चौकटीत बरोबरची खूण छापून टाकली, तर सगळ्या पालकांनी संमती दिली असे म्हणता येईल का? आणि मुख्याध्यापकांना सहल नको होती म्हणून त्यांनी ‘नाही’पुढे खूण छापली, तर सगळ्या पालकांनी नकार दिला असे तरी म्हणता येईल का?

हे भांडण मुक्तस्रोतवाल्यांच्या घरात आले ते अपाचेच्या वाटेने. अपाचे म्हणजे वेबची पाने वाटणारा कारकून म्हणा. त्या काळी जगात सर्वाधिक चालणारा, आणि मुक्तस्रोत. त्याच्या मूळ जनकांपैकी रॉय फील्डिंग हे त्या वाटाघाटींतल्या मसुद्याचे एक संपादकही होते. त्यांनी अपाचेमध्ये अशी तरतूद घातली की या दहाव्या आवृत्तीकडून विनंती आली तर ती टाकून द्यावी. आता कारकुनाने अर्ज न वाचताच टोपलीत टाकावा असे झाले! लोकांनी विचारले की त्या ब्राउझरवाल्यांपैकी ज्याला मनापासून विनंती करायची असेल त्याचे काय? अपाचेला तो वेगळा कसा ओळखू येणार? पुढे ती तरतूद मागे घेतली गेली.

माझ्या मते फील्डिंग यांचे तर्कशास्त्र चुकले नव्हते, पण कारकुनाने ते चालवायला नको होते. मोझिलाचे धोरण तर्काला धरून होते आणि त्याचा उपयोग काही झाला नाही, हेही तितकेच खरे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आपला काटा पुन्हा मोकळा सोडला. डब्ल्यूथ्रीसीचा तो गट जानेवारी २०१९ मध्ये बंद झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या फायरफॉक्सच्या १३५ व्या आवृत्तीतून तर तो काटाच काढून टाकला, कारण विनंती ऐकणारे कोणी उरले नव्हते.

विनंतीने भागेना तेव्हा दार लावून घेण्याची गोष्ट निघाली. २०१३ च्या फेब्रुवारीत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या जोनाथन मेयर यांनी फायरफॉक्ससाठी एक दुरुस्ती लिहून दिली. ज्या ठिकाणी तुम्ही स्वतः कधी गेला नाहीत त्या तिऱ्हाइताला चिठ्ठी ठेवूच द्यायची नाही, आणि हे आपोआप चालू, असा तिचा अर्थ. ॲपलचा सफारी ब्राउझर साधारण असेच पूर्वीपासून करीत होता. तरी फायरफॉक्सचे नाव निघताच अमेरिकेतल्या जाहिरात संघटनेने मोठा गहजब केला. त्यांचे म्हणणे नुसते धूर्तपणाचे होते असे मी म्हणणार नाही. लहान वर्तमानपत्रे, एकट्या माणसाने चालवलेली माहितीची पाने ही जाहिरातीच्या चार पैशांवर जगतात. मोठ्या कंपनीकडे तुम्ही आपल्या पायांनी रोज जाताच, तेव्हा तिची चिठ्ठी या नियमातून सुटणार आणि लहान जाहिरातवाल्याची मात्र अडणार. हा मुद्दा खोडून काढण्यासारखा नव्हता.

मे महिन्यात मोझिलाचे तंत्रप्रमुख ब्रेंडन आइक यांनी जाहीर केले की हा नियम इतक्यात आपोआप चालू होणार नाही. जिला अडवू नये ती चिठ्ठी त्यात अडते आणि जिला अडवायला हवे ती सुटते, तेव्हा आणखी काम केले पाहिजे. जूनमध्ये नवी आवृत्ती आली ती त्या आयत्या निवडीवाचूनच. आणखी काम चालले ते किती? सहा वर्षे! सप्टेंबर २०१९ मध्ये ६९ वी आवृत्ती आली, तेव्हा पाळत ठेवणारे म्हणून ज्यांची यादी झालेली आहे अशांच्या चिठ्ठ्या सर्वांसाठी आपोआप अडू लागल्या. मधल्या सहा वर्षांत चिठ्ठी अडवण्याचा काटा ब्राउझरमध्ये होताच, बरं का. ज्याला त्याची जागा ठाऊक होती त्याने तो फिरवला. माझ्या आजोबांच्या जातीची जी माणसे होती त्यांच्या चिठ्ठ्या सहा वर्षे वाचल्या गेल्या. आयत्या निवडीवर लोक इतके हातघाईवर का येतात, ते इथे दिसते.

जून २०२२ मध्ये याच्याही पुढे पाऊल पडले. आता फायरफॉक्स प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळी बरणी ठेवतो. जाहिरातवाल्याने बातमीच्या पानावर ठेवलेली चिठ्ठी बातमीच्या बरणीत राहते, बियाण्याच्या पानावर ती त्याला सापडत नाही. घरात लोणच्याचा चमचा दुधात बुडवू देत नाहीत, तसलाच हा प्रकार. यात चिठ्ठी बंद होत नाही, म्हणून पाने मोडतही नाहीत. मला स्वतःला ही तोड फार आवडली. या भांडणात एवढी शहाणी तोड क्वचितच निघाली आहे.

शाळांशी थेट संबंध आला तो नावांच्या यादीच्या वादात. आपण पानाचे नाव टाइप करतो, पण यंत्राला लागतो आकडा. नावावरून आकडा सांगणारी एक यादी असते, आणि ती सहसा ज्या कंपनीकडून आपण इंटरनेट घेतो तिच्याकडे असते. ही विचारणा पोस्टकार्डासारखी उघडी जाई. मधल्या कोणालाही वाचता येई. मोझिलाने ठरवले की ती बंद पाकिटात पाठवायची. अमेरिकेत फेब्रुवारी २०२० पासून हे आपोआप सुरू झाले. हेतू चांगला होता. पण पाकीट जाणार कोणाकडे? आयती निवड होती क्लाउडफ्लेअर या एका कंपनीची. म्हणजे पोस्टमनला वाचता येऊ नये म्हणून सगळ्या गावाची पत्रे एकाच सावकाराकडे, असे काहींना वाटले. ओपनबीएसडी या मुक्तस्रोत प्रणालीच्या मंडळींनी आपल्याकडच्या फायरफॉक्समध्ये हा काटा सरळ बंद ठेवला. ब्रिटनमध्ये तर इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या संघटनेने जुलै २०१९ मध्ये मोझिलाचे नाव त्या वर्षीच्या ‘खलनायका’च्या किताबासाठी सुचवले आणि लोक हसू लागल्यावर काही दिवसांत मागेही घेतले. त्यांची तक्रार अशी की मुलांनी नको ती पाने पाहू नयेत म्हणून जी गाळणी लावलेली असते ती पोस्टकार्ड वाचूनच चालते. पाकीट बंद झाले की गाळणी आंधळी. यावर मोझिलाने एक सोय ठेवली. शाळेच्या किंवा घरच्या जाळ्याने ठरावीक खूण दाखवली की ब्राउझर तिथे आपोआप जुन्या पद्धतीवर येतो. ब्रिटनमध्ये ही आयती निवड लागू करण्याचा विचार नाही, असेही तिने सांगून टाकले.

क्रोमियमचीही एक हकिकत थोडक्यात सांगतो. २०१५ साली डेबियन या मुक्तस्रोत प्रणालीवाल्यांना असे आढळले की क्रोमियम सुरू होताच गुपचूप एक तुकडा उतरवून घेतो. आपण बोललेला ठरावीक शब्द ओळखण्याचा तो तुकडा होता, आणि त्याची कृती बंद होती. गुगलने खुलासा केला की माणसाने स्वतः चालू केल्यावाचून तो ऐकत नाही. असेल. पण मसाला भिंतीवर लिहिणाऱ्या हॉटेलात एक पुडी मात्र झाकून टाकली जाते, हे लोकांना खपले नाही. तो तुकडा आयता येणे पुढे बंद झाले.

चांगले नाव असलेल्याच्या हातूनही काटा नको तिकडे लावला जातो. जुलै २०२४ मध्ये फायरफॉक्सच्या १२८ व्या आवृत्तीत एक नवी चौकट आली, आणि तिच्यात बरोबरची खूण आधीच होती. जाहिरातीचा परिणाम किती झाला हे जाहिरातदाराला कळावे, पण कोणी काय पाहिले हे कळू नये, अशी ती प्रायोगिक योजना. माणसाला न ओळखता बेरीज काढायची. कल्पना टाकाऊ नव्हती. पण विचारले कोणाला? मोझिलाच्या बाजूचे म्हणणे असे पडले की इतकी गुंतागुंतीची गोष्ट समजावून सांगत संमती मागणे म्हणजे माणसाला छळणेच होय. हे वाचून मी जरा थबकलो. सामान्य माणसाला कळणार नाही म्हणून आम्हीच ठरवतो, हे वाक्य आपण कचेऱ्यांतून, दवाखान्यांतून आणि, कबूल करतो, आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममधूनही ऐकलेले आहे. ऑस्ट्रियातल्या नॉयब या संस्थेने त्या सप्टेंबरात तिथल्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार नोंदवली. ज्या मोझिलाने ‘मागावर राहू नका’ म्हणताना माणसाच्या स्वतःच्या इच्छेचा एवढा आग्रह धरला होता, तिनेच बारा-तेरा वर्षांनी छापील खुणेचा कागद पुढे करावा!

मुक्तस्रोतवाले यावर म्हणतील की आवडत नसेल तर कृती घ्या आणि आपला ब्राउझर करा. असे करणारे आहेतही. टॉर ब्राउझर हा फायरफॉक्सवरूनच केलेला आणि त्याचे काटे फार कडक लावलेले. लिब्रवुल्फ नावाचा आणखी एक आहे. पण हे शोधून काढणारा माणूस काटा फिरवायला भिणारा नसतोच. ज्याच्यासाठी आयती निवड असते त्याच्यापर्यंत हे ब्राउझर पोचत नाहीत.

आणि मग पैशाची गोष्ट येते. फायरफॉक्स फुकट मिळतो, मग त्याचे पगार कोण देते? शोधाचा काटा देतो. तो काटा ज्या कंपनीवर लावलेला असेल ती कंपनी मोझिलाला पैसे मोजते. २०१४ च्या अखेरीस मोझिलाने अमेरिकेत तो गुगलवरून काढून याहूवर लावला. महिन्याभरातच तिथल्या शोधांत याहूचा वाटा सुमारे साडेआठ टक्क्यांवरून दहाच्या वर गेला, असे स्टॅटकाउंटरच्या मोजणीत दिसले. लोकांना याहू एकाएकी आवडू लागला होता असे कोणी म्हणाले नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात काटा परत गुगलवर आला. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात मोझिलाच्या अर्थप्रमुखांनी साक्ष दिली, तीत सांगितले की कंपनीचे सुमारे ९० टक्के उत्पन्न फायरफॉक्समधून येते आणि त्यातले सुमारे ८५ टक्के एकट्या गुगलकडून. गुगलच्या पाळतीपासून माणसाला वाचवणारा ब्राउझर गुगलच्याच पैशावर चालतो. असे हे त्रांगडे आहे. यात मोझिलाला दोष देणे सोपे; पण पैसा दुसरीकडून कसा आणावा हे सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

तो खटला होता गुगलवरच. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की शोधाच्या बाबतीत गुगलने आपली मक्तेदारी बेकायदा टिकवली. आयती निवड आपली असावी म्हणून गुगलने २०२१ या एका सालात २६०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम वाटली होती, हे त्याच खटल्यात बाहेर आले. माणसे काटा फिरवत नाहीत याची किंमत कोणी याहून मोठ्या आकड्यात लावली असेल असे वाटत नाही. मग असे पैसे देण्यावर बंदी घालावी काय? मोझिलाने बंदीच्या विरुद्ध म्हणणे मांडले, कारण बंदी आली तर फायरफॉक्सच संपण्याची भीती. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी एकाधिकाराचे करार मना केले, पण पैसे देणे मना केले नाही. दिले नाहीत तर घेणाऱ्यांचेच मोठे नुकसान होईल, हे त्यांनी विचारात घेतले. मोझिलाचा जीव भांड्यात पडला.

आपल्याकडे उबुंटूसारखी मुक्तस्रोत प्रणाली असलेल्या शाळेच्या संगणकावर फायरफॉक्स आयताच असतो, आणि तो मराठीतही वापरता येतो. त्यात शोधाचा काटा गुगलवर लावलेला असतो. तो सेटिंग्जमध्ये शोधाच्या सदरात आहे. तिऱ्हाइताच्या चिठ्ठ्यांचा काटा गोपनीयतेच्या सदरात आहे. गुरुजींनी एखाद्या तासाला मुलांकडून शोधाचा काटा दुसरीकडे फिरवून घ्यावा, त्यावर दोन शब्द शोधून पाहू द्यावेत आणि मग काटा पुन्हा पहिल्या जागी आणायला सांगावे. तो परत सापडतो.